दोघांनी वाहिलेला क्रूस



नवविवाहित पुरुषाला वर्षभर युद्धावर पाठवू नये, त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे (24:5). सैनिकावर पत्नीचाही हक्क असतो, हे पवित्र शास्त्र मान्य करते. परंतु हा हक्क आणि सदसद्विवेकबुद्धीची हाक यांत विरोध आला तर माणसाने काय करावे?

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचा शेतकरी. 1936 साली त्याचा फ्रान्झिस्काशी विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या. 1940 साली हिटलरच्या सैन्यात त्याला भरती केले गेले. त्या ताटातुटीत पती-पत्नी पत्रांतून एकमेकांना धीर देत. 1941 साली शेतीसाठी त्याला घरी सोडण्यात आले. हे युद्ध अन्यायाचे आहे, अशी त्याची खात्री पटली होती. 1943 साली पुन्हा बोलावणे येताच त्याने लढण्यास नकार दिला. शस्त्राविना रुग्णसेवा करण्याची तयारी त्याने दाखवली, ती मान्य झाली नाही. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

"बायकामुलांचा विचार कर," असे धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही त्याला सुचवले होते. हा आक्षेप क्षुल्लक नाही. निर्णय बापाचा, पण किंमत लेकरांनी मोजायची, हे न्यायाचे आहे का? मला वाटते, "तुमच्यासाठी मी पाप केले," असे म्हणणारा बाप आपल्या पापाचे ओझे लेकरांच्याच माथी मारतो. कुटुंबावरील प्रेम ही अन्यायात सामील होण्याची सबब ठरू शकत नाही.

पण एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. फ्रान्झिस्काने आरंभी त्याचे मन वळवून पाहिले. त्याचा निश्चय कळल्यावर मात्र ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. पुढे गावाचा रोष तिने सोसला, शेती सांभाळली, मुली वाढवल्या. विधवेचे निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत नाकारले गेले. 2007 साली लिंझ येथे फ्रान्झला धन्यवादित घोषित केले, तेव्हा ती हजर होती. 2013 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ती प्रभूघरी गेली.

त्याचा क्रूस काही महिन्यांचा होता, तिचा जवळजवळ 70 वर्षांचा. विवाहाच्या वेळी दिलेले वचन दोघांनीही पाळले. यापुढे कुणाच्या त्यागाचा गौरव करताना, त्याच्या घरी तो भार कोणी वाहिला, हेही आपण विचारू या.

– आपले प्रमुख धर्मगुरू