लहान नियम, मोठा माणूस

नियम लहान की मोठा हे कोण ठरवतं? आजवर ते मोडणाऱ्याच्या ऐपतीवर ठरत आलं आहे. रिसोडच्या बाजारात हातगाडी चार फूट पुढं आली तर ते अतिक्रमण. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची कमान भर रस्त्यात आठ दिवस उभी राहिली तर ती हौस. मोटारसायकलवर तिघं बसले तर पावती. तेच तिघं झेंडा घेऊन रॅलीत निघाले तर पोलीस पुढं होऊन वाट करून देतो. नियम तोच, कागद तोच. माणूस बदलला की नियमाचं वजन बदलतं.

यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, काहून एवढं मनावर घेता बाप्पा? मंत्र्यानं मास्क लावला नाही, गाडीत पट्टा बांधला नाही, थोडी गर्दी जमवली, त्यानं काय आभाळ कोसळलं? देशात याहून मोठे गुन्हे होतात, ते पाहा. दुसरे म्हणतात, राजानंच नियम मोडला तर रयतेनं कुणाकडं पाहायचं? मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. का ते सांगतो. हवेत बोलत नाही, आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट घेतो.

२०२१ चा फेब्रुवारी. विदर्भात करोनाचे आकडे पुन्हा वर चढत होते. २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी लोकांपुढं येऊन सांगितलं की गर्दीचे राजकीय, सामाजिक, धार्मिक कार्यक्रम आता बंद. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, त्यांच्याच सरकारातले वनमंत्री संजय राठोड आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आले. मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. तिथं हजारो माणसं गोळा झाली. खांद्याला खांदा. दिवसभर टीव्हीवर तेच. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच. राठोडांवर त्या वेळी एका तरुणीच्या मृत्यूवरून आरोप होत होते, त्यांनी ते नाकारले होते. २८ तारखेला त्यांनी राजीनामा दिला तो त्या आरोपांच्या गदारोळात, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. त्या आरोपांत मी शिरत नाही. माझा प्रश्न फक्त गर्दीच्या त्या लहान नियमाचा आहे.

पोहरादेवीच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या रिसोड तालुक्यातल्या देगावची बातमी आली. एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२५ विद्यार्थी आणि ४ कर्मचारी, मिळून २२९ जण बाधित निघाले. पोरं बहुतेक अमरावती, यवतमाळकडची. पोहरादेवीच्या गर्दीमुळं ती आजारी पडली असं मी म्हणत नाही. एका दिवसात रोग असा पसरत नसतो. मी एवढंच म्हणतो की ज्या आठवड्यात मंत्र्याच्या स्वागताला नियम वाकला, त्याच आठवड्यात त्याच जिल्ह्यात आईबापांपासून दूर असलेली पोरं त्याच रोगाच्या नियमाखाली खोल्यांत कोंडली गेली. एकाच नियमाची ही दोन टोकं. एका टोकाला फुलं, दुसऱ्या टोकाला बंद दार.

आता गुन्हा कुणावर झाला ते पाहा. पोहरादेवीच्या प्रकरणात पोलिसांनी हजारो अनोळखी लोकांवर गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या आल्या. ज्यांच्यासाठी लोक जमले त्यांचं नाव त्यात का नाही, अशी ओरड विरोधकांनी केली. बरं, विरोधक तरी काय वेगळे? मुख्यमंत्री गर्दी नको म्हणाले त्याच २१ फेब्रुवारीला पुण्यात माजी खासदार धनंजय महाडिक यांच्या मुलाचं लग्न झालं. महाडिक भाजपचे. लग्नाला सत्तेतले आले, विरोधातले आले, राज्यातले सगळे मोठे चेहरे एका मांडवात. गर्दीबद्दल गुन्हा नोंदला तो यजमानावर आणि कार्यालयवाल्यांवर. पुण्यात यजमान सापडला, पाहुणे सुटले. पोहरादेवीला गर्दी सापडली, आणि ओरड झाली ती पाहुणा सुटल्याची. बड्या पाहुण्याचं नाव कागदावर चढत नाही, हे दोन्हीकडं सारखं.

आणि या दोन गर्द्यांवर लोक बोलले कसे? पुण्यातल्या लग्नाचं वर्णन ‘शाही सोहळा’. नियम मोडले, पण जेवण उत्तम होतं, असा सूर. पोहरादेवीच्या गर्दीवर मात्र चहाच्या टपरीपासून चौकातल्या फळीपर्यंत एकच शब्द: अडाणी. तांड्यावरची माणसं, यांना काय कळतं रोगराई! मला हा शब्द खुपतो. पुण्याच्या मांडवात डॉक्टर असतील, वकील असतील, आमदार-खासदार तर होतेच. ते नियम मोडतात तेव्हा ती चूक; तांड्यावरचा माणूस मोडतो तेव्हा तो त्याचा स्वभाव. जातीचा डोळा असा असतो, भाऊ. तो गुन्ह्याकडं पाहत नाही, गुन्हेगाराच्या अंगरख्याकडं पाहतो.

ती माणसं पोहरादेवीला का जमली याचा विचार कुणी केला नाही. ज्या समाजाचा मंत्रिमंडळात एखादाच माणूस असतो, त्याचं गणित वेगळं असतं. ज्यांचे वीस मंत्री, त्यांचा एक पडला तर एकोणीस उरतात. ज्यांचा एकच, त्यांचा तो पडला तर खुर्चीच रिकामी. म्हणून ‘आपला माणूस’ म्हणून लोक धावतात. आम्हीही धावतो. आमचा नगरसेवक, आमचा आमदार, आमचा नेता. त्यानं काही केलं तरी आम्ही म्हणतो, दुसऱ्यांच्यानं केलं तवा कुठं होते रे तुम्ही? हा प्रश्न खरा आहे. पण हा प्रश्न उत्तर म्हणून वापरला की खोटा होतो. दुसऱ्याचा चोर सुटला म्हणून आपला चोर साव होत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि हुकूमशाहीकडं नेते. ते फक्त सवर्णांना उद्देशून सांगितलं असं कुणी समजू नये. ते आम्हालाही होतं.

आता ‘एवढंसं तर झालं’ म्हणणाऱ्यांकडं येतो. लहान नियम लहान असतो तो कुणासाठी? आमच्या वस्तीतली एक मावशी भाजी विकते. त्याच दिवसांत तिच्या तोंडाला पदर होता, मास्क नव्हता. दोनशेची पावती फाटली. त्या दिवशी तिची विक्री दोनशेची झाली नव्हती. तिच्यासाठी तो नियम लहान होता का? मंत्र्याला दोनशे म्हणजे चिल्लर. मावशीला दोनशे म्हणजे रात्रीची चूल. टाळेबंदीत या राज्यात कलम १८८ खाली लाखाच्या वर गुन्हे नोंदले गेले. २०२२ साली सरकारनं ते मागं घ्यायचं ठरवलं. चांगलं झालं. पण जागेवर भरलेला दंड कुणाच्या घरी परत आल्याचं माझ्या कानावर नाही. गरिबाचा गुन्हा रस्त्यावरच रोखीनं मिटतो. मोठ्याचा गुन्हा फायलीत पडून राहतो आणि एक दिवस फाइलच मिटते.

आम्हाला लहान नियमांचं महत्त्व कुणी शिकवू नये. आमचे आजे-पणजे लहान नियमांखालीच दबून मेले. थुंकी जमिनीवर पडू नये, सावली अंगावर पडू नये, पाणी वरून ओतून घ्यावं, वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं. एकेक नियम बघितला तर केवढासा! पायताण काढायला किती वेळ लागतो? पण त्या एवढ्याशा नियमांनीच माणसाचा कणा मोडला. म्हणून नियम लहान आहे असं ऐकलं की मी आधी विचारतो, तो कुणी केला, आणि कुणी पाळायचा आहे?

इथं कुणी मला अडवील. म्हणेल, नियम मोडणं वाईट तर मग महाड काय होतं? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सगळा लेख याच प्रश्नावर उभा आहे.

तर ऐका. १९२३ साली बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनं पुढं चवदार तळं खुलं केलं. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा कायदा त्यांच्या बाजूनं होता. मोडली ती रूढी. कायदा मोडला तो लाठ्या घेऊन आलेल्यांनी. पण खरी गोष्ट पुढची आहे. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तळं खाजगी आहे म्हणून सनातन्यांनी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला महाडात हजारो माणसं जमली होती. त्या रात्री मनुस्मृती जाळली. तळं काही पावलांवर होतं. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी सांगितलं, कोर्टाचा हुकूम आहे, तळ्याला हात लावायचा नाही. लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले. निकाल लागायला मुंबई हायकोर्टापर्यंत जावं लागलं, तेही १९३७ साली. दहा वर्षं.

विचार करा. मागं हजारोंची गर्दी, बाजूनं न्याय, समोर पाणी, आणि आड फक्त एक कागद. तोही अन्यायानं मिळवलेला. तरी त्या माणसानं तो कागद ओलांडला नाही. आज गर्दी मागं असली की पुढारी म्हणतो, नियम काय करतो! गर्दी त्यांच्याकडंही होती. गर्दीचा उपयोग कशाला करायचा, एवढाच फरक. आणि तो फरक फार मोठा आहे.

यातून मला एक माप सापडतं. कुणी नियम मोडला की तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हा नियम मोडणाऱ्यानंच दुसऱ्यांवर घातलेला आहे का? दुसरी, त्यानं तो उघड मोडला का, आणि त्याची शिक्षा भोगायला तो उभा राहिला का? तिसरी, त्यानं मोडल्यावर वाट सगळ्यांना खुली झाली, की फक्त त्याच्यापुरती? महाडला रूढी मोडली ती सगळ्यांसाठी मोडली. मार आधी खाल्ला, पाणी पुढं सगळ्यांना मिळालं. मंत्री नियम मोडतो तो स्वतःपुरता. त्याच्यामागं नियम पुन्हा मिटतो आणि मावशीच्या पावतीवर जाऊन बसतो. पहिल्याला बंड म्हणतात. दुसऱ्याला सवलत म्हणतात. आणि सवलत हा शब्द आयुष्यभर आम्हालाच ऐकवला जातो!

या मापानं जगाकडंही पाहता येतं. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी २०२१ साली साठाव्या वाढदिवसाला घरच्या माणसांचं जेवण ठेवलं. दहापेक्षा जास्त माणसं नकोत हा त्यांच्याच सरकारचा नियम. जास्त झाली. पोलिसांनी त्यांना वीस हजार क्रोनर दंड केला. हॉटेलवाल्याला केला नाही. पोलिसांचं म्हणणं असं की एरवी अशा बाबतीत दंड केला नसता, पण नियम लावण्यात या बाई सगळ्यांच्या पुढं होत्या. लोकांचा नियमांवरचा विश्वास टिकला पाहिजे. इंग्लंडात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाही एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. रक्कम फक्त ५० पौंड. पण ज्यांनी नियम पाळून आईबापांना दवाखान्यात एकटं मरू दिलं, त्यांच्या छातीत तो ५० पौंडांचा आकडा काट्यासारखा रुतला. ते काही केकच्या तुकड्यावर रागावले नव्हते. आपण पाळलं म्हणून आपण मूर्ख ठरलो, हे त्यांना झोंबलं. लहान नियम मोडण्याचा मोठा गुन्हा हाच आहे. नियम पाळणाऱ्याला तो मूर्ख ठरवतो.

मग वर्तमानपत्रं ओरडतात ते बरोबरच की? अर्धं बरोबर. कारण आरडाओरडा स्वस्त असतो. १९७२ साली ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बाईच्या झालेल्या विटंबनेसमोर त्यांनी दोन दंड ठेवले होते. बाईच्या अब्रूला पन्नास रुपये, झेंड्याच्या अपमानाला तीनशे. महाराष्ट्र कशावर खवळला? झेंड्यावरच्या शब्दावर. पन्नास रुपयांवर खवळणारे बोटावर मोजण्याइतके. आजही तसंच आहे. मंत्र्याचा मास्क दिसतो कारण कॅमेरा मंत्र्यावर असतो. ज्या गावात स्मशानाला जागा नाही, जिथं पाण्याची टाकी वस्तीच्या अलीकडंच संपते, तिथंही रोज नियम मोडला जातो. शासनाचाच नियम, शासनाच्याच माणसांकडून. तिथं कॅमेरा जात नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मंत्र्यानं मोडलेला लहान नियम माफ करू नका. त्याला दंड करा, आणि आधी त्याला करा, मागाहून गर्दीला. तो आपल्या जातीचा असेल तर आपणच आधी विचारा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्याच्या आडून आपल्या सगळ्या समाजाला अडाणी म्हणता येणार नाही. पण एवढ्यावर राग संपवू नका. मास्कवर खर्च झालेला राग टाकीपर्यंत पोचला नाही तर तो राग पुढाऱ्याच्याच कामाचा. चार दिवस लोक ओरडतात, दमतात, घरी जातात. पुढाऱ्याला हे ठाऊक असतं. आपल्यालाही ठाऊक असायला पाहिजे.

नियम सगळ्यांचा असेल तर तो लहान असूच शकत नाही. आणि एकट्यापुरताच वाकत असेल, तर त्याला नियम म्हणू नका. तो मानपान आहे, नव्या कागदावर छापलेला.