उजेड कोणासाठी : दिशा, देव आणि घर

घर बांधताना किंवा सदनिका सजवताना उजेडाचा विचार सामान्यतः दोन अंगांनी होतो. एक अंग सोयीचे, म्हणजे खिडकी कोठे असावी, ऊन कोठून येईल, वारा कसा खेळेल याचे. दुसरे श्रद्धेचे, ज्यात उत्तर ही कुबेराची दिशा आणि ईशान्य ही देवघराची, असे वास्तुशास्त्र सांगते. अलीकडे यांत तिसऱ्या अंगाची भर पडली आहे. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या उत्तर युरोपीय देशांतील गृहसजावट, म्हणजे पांढऱ्या भिंती, फिकट रंगाचे लाकूड, मोजके सामान आणि रुंद काचेची खिडकी, आता परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या सदनिकांतही आदर्श म्हणून मांडली जाते. एकीकडे शास्त्राने पूज्य ठरवलेली उत्तर दिशा आणि दुसरीकडे दूरच्या उत्तरेतून आलेली अभिरुची, अशा दुहेरी आकर्षणात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे : उजेडाचे पावित्र्य दिशेत असते काय, आणि तेथे नसेल तर ते कशात शोधावे?

प्रथम उत्तरेकडील देशांचा विचार करू. स्टॉकहोम सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो आणि दिवस सुमारे सहा तासांत संपतो. त्यामुळे तेथील पांढरी भिंत आणि मोठी काच यांचा उगम हौसेत नसून टंचाईत आहे. जो थोडा उजेड मिळतो तो घरभर पोहोचावा, ही त्यामागची तळमळ आहे. फिनलंडचे वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी विपुरी येथे (हे शहर आज रशियात आहे) बांधलेले ग्रंथालय १९३५ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या छताला ५७ गोल झरोके ठेवलेले होते. हे झरोके इतके खोल आहेत की ऊन थेट खाली उतरत नाही. ते झरोक्याच्या कडांवर पसरून मऊ होते आणि वाचकाच्या पानावर त्याच्याच हाताची सावली पडत नाही. म्हणजे वाचणारा माणूस आधी डोळ्यांसमोर होता आणि झरोका त्याच्यासाठी नंतर ठरला.

परभणी सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. येथे ऐन हिवाळ्यातही दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा भरतो आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा मुलखात उजेड मिळवण्यापेक्षा तो आवरण्याचे कौशल्य लागते, आणि ते मराठवाड्याच्या माळवदाच्या घरांत दिसते. माळवद म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. या छताला उजेडासाठी एक भोक ठेवतात, त्याला साणे म्हणतात. पाऊस आला की वर चढून ते झाकावे लागते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असताना आत शेणाने सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा एक कवडसा पडतो आणि तेवढ्यावर सगळ्या खोलीला पुरेल असा मंद उजेड राहतो.

या कवडशाकडे वर्षभर लक्ष दिले तर एक विलक्षण गोष्ट कळते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस परभणीत सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, तेव्हा कवडसा साण्याच्या थेट खाली असतो. त्यापुढे सूर्य जसजसा दक्षिणेकडे झुकतो, तसतसा घरातला दुपारचा कवडसा उत्तरेकडे सरकत जातो. आकाशात दक्षिणायन चालू असते आणि जमिनीवरचा उजेड मात्र उत्तरेची वाट धरतो. उजेडाची दिशा ही अशी पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, आणि तिला स्वयंभू पावित्र्य मानणे म्हणूनच अवघड होते.

शास्त्रांतही हा पेच नवा नाही. भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायणाचे सहा महिने हे परत न येण्याच्या मार्गाशी जोडले आहेत, आणि भीष्मांनी शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहिल्याची महाभारतातील कथा घराघरांत माहीत आहे. तरीही ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात असा निर्णय दिलेला आहे की ज्ञानी पुरुषाचा देह दक्षिणायनात पडला तरी ज्ञानाचे फळ त्याला मिळतेच. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार या मार्गावरील अर्ची, दिवस, शुक्लपक्ष, उत्तरायण हे टप्पे म्हणजे जीवाला पुढे नेणाऱ्या देवता होत. त्यांना आतिवाहिक, म्हणजे पोहोचवणाऱ्या, असे नाव आहे. दिशेचे मोल ती कोणाला कोठे पोहोचवते यावर ठरते, असा बोध यातून घेता येतो.

बृहदारण्यक उपनिषदातील जनक आणि याज्ञवल्क्य यांचा संवाद हाच विचार आणखी खोल नेतो. माणसाला कोणता प्रकाश आहे, असे जनक विचारतो. याज्ञवल्क्य आधी सूर्य सांगतात, मग चंद्र, अग्नी आणि वाणी, आणि ही सारी मावळल्यावर आत्मा हाच प्रकाश उरतो असे सांगतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रत्येक पायरीवर प्रकाशाची ओळख एकाच कसोटीने होते : त्याच्या आधाराने माणूस बसतो, हिंडतो, काम करतो आणि परततो. कुराणातील ‘नूर’ या सूरेतही ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची उपमा दिली आहे आणि त्या दिव्याच्या तेलाचा वृक्ष पूर्वेचाही नाही व पश्चिमेचाही नाही असे सांगितले आहे. तुराबुल हक यांच्या दर्ग्याला सर्व धर्मांची माणसे येतात त्या परभणीत हे दोन विचार शेजारी ठेवून पाहणे उचितच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रकाश इतका मोलाचा असेल, तर देवळाचा गाभारा अंधारा का? गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर किंवा जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे यांसारख्या मध्ययुगीन वास्तूंत उजेड पायरीपायरीने कमी होत जातो : बाहेर ऊन, मंडपात सावली, मंडप व गाभारा यांमधल्या अंतराळात संधिप्रकाश आणि गाभाऱ्यात केवळ नंदादीप. पण ही रचना आक्षेपाला बळ देत नाही. गाभाऱ्यातील दिवा कोणीतरी रोज तेल घालून तेवत ठेवावा लागतो, आणि म्हणून तेथील उजेड निसर्गाच्या देणगीबरोबरच माणसाच्या सेवेचाही असतो. शिवाय हा अंधार देवाने स्वतःसाठी ठेवून घेतलेला आहे आणि उजेडाची जागा भक्तांच्या मंडपाला दिलेली आहे.

घरात मात्र नेमके उलटे झाले. जुन्या वाड्यांत ओसरीवर, जेथे पुरुष बसत, भरपूर उजेड असे. चूल आणि जाते मात्र बहुधा आतल्या काळोख्या, धुराने भरलेल्या भागात असत आणि तेथे बायकांचे आयुष्य जाई. संत जनाबाईंचा जन्म गंगाखेडचा. परंपरेनुसार त्या लहानपणीच पंढरपुरास संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि त्या कुटुंबात दासी म्हणून राबल्या. त्यांच्या अभंगांतील विठ्ठल दळायला बसतो, शेणी वेचतो, कामाला हात लावतो. तो ओसरीवर येऊन थांबत नाही. जेथे कष्ट आहेत त्या कोपऱ्यात जातो. उपनिषदाने प्रकाशाला लावलेली कसोटी जनाबाईंनी देवाला लावली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

ही कसोटी आजच्या सदनिकेला लावली की सजावटीचा प्रश्न धर्मविचाराचा होतो. रुंद खिडकी आणि गच्ची दिवाणखान्याला मिळते, स्वयंपाकघराला इमारतीच्या डक्टकडे उघडणारी झडप उरते आणि आजारी म्हाताऱ्या माणसाची खाट आतल्या खोलीत लागते. तेव्हा भिंती पांढऱ्या असल्या आणि देवघर ईशान्येस असले, तरी त्या घरात उजेडाची वाटणी अन्यायाचीच आहे. उत्तरेची खिडकी परभणीत चांगलीच, कारण वर्षातील बहुतेक काळ तिच्यातून तळपते ऊन न येता शांत उजेड येतो; मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेला असतो, म्हणून तिच्यावर छज्जा हवा. हा हिशेब कुबेराच्या श्रद्धेशी भांडत नाही, तिला अर्थ देतो. उत्तर युरोपाकडून घ्यायचे असेल तर काच आणि रंग घेण्याआधी ज्याचे काम आहे त्याच्या हातापर्यंत उजेड नेण्याची आस्था घ्यावी. घराचा आराखडा हाती आल्यावर ओट्यापाशी उभे राहणाऱ्या, अभ्यासाला बसणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उजेड कोठून मिळेल हे आधी ठरवावे आणि बैठकीची शोभा त्यानंतर पाहावी. घरातील प्रकाशपूजेचा आरंभ या क्रमाने व्हायला हवा.