भरपाई कोणाच्या खिशातून?

ऑगस्ट २०१९. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं अरोरा शहर. एलायजा मॅक्लेन हा २३ वर्षांचा तरुण रात्री दुकानातून थंड चहा घेऊन पायी घरी निघाला होता. त्याने चेहरा झाकणारी टोपी घातली होती, म्हणून कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी त्याचा गळा आवळला, वैद्यकीय पथकाने गुंगीचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत तो गेला. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. निवाऱ्यातल्या मांजरांना व्हायोलिन वाजवून दाखवणारं हे पोर! २०२१ मध्ये शहराने त्याच्या घरच्यांना दीड कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. शहराने म्हणजे शेवटी तिथल्या कर भरणाऱ्यांनीच.

जून २०२० मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळात एक विधेयक आलं आणि त्याच महिन्यात त्याचा कायदा झाला. आपण कायद्याने वागतोय असा प्रामाणिक समज नसताना अधिकाऱ्याने नागरिकाचा हक्क तुडवला, असं ठरलं तर भरपाईचे पाच टक्के किंवा २५ हजार डॉलर, यातली कमी असेल ती रक्कम त्याने स्वतः भरायची. बाकीचा भार सरकारचा.

अशाने पोलीस कच खातील, असं म्हणतात. बारा-बारा तास बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. त्याची प्रामाणिक चूक त्याच्या पगारातून कापणं अन्यायच. पण हा कायदा त्या चुकीला हात लावत नाही, म्हणून तो मला पटतो.

आपल्याकडे रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटला, तरी बिहारच्या तुरुंगातून बाहेर पडायला त्याला १९८२ उजाडलं. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले. चौदा वर्षांवर ही रक्कम पसरली तर दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. तेही बिहारच्या तिजोरीतून. चुकणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावायची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली होती, पण तुरुंगातून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाने वकील कुठून आणायचा?

खर्च पडणाऱ्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडलेलं असतं. पोलिसांना नवे अधिकार देणारं विधेयक आपल्या विधानसभेत येईल तेव्हा मी आधी तेच पान उघडणार आहे. चुकीच्या अटकेची भरपाई किती आणि त्यातली अधिकाऱ्याच्या पगारातून किती, हे मला तिथे लिहिलेलं हवं आहे.