पोपने दिलेली अंगठी



२४ मार्च १९६६ चा दिवस. रोमच्या जुन्या तटाबाहेर असलेल्या संत पौलाच्या महामंदिरात दोन धर्मपुढाऱ्यांनी एकत्र प्रार्थना केली आणि एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. निरोपाच्या वेळी पोप सहावे पॉल यांनी पाहुण्यांना बोटातली अंगठी काढायला सांगितली आणि स्वतःची अंगठी त्यांच्या बोटात घातली. मिलानचे आर्चबिशप असतानाची ती अंगठी होती. पाहुण्यांना रडू कोसळले.

हे पोप आपल्याला परके नाहीत. डिसेंबर १९६४ मध्ये ते मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेला आले होते; आपल्यातल्या ज्येष्ठांना ओव्हल मैदानावरची ती गर्दी आठवत असेल. पाहुणे होते कँटरबरीचे शंभरावे आर्चबिशप, अँग्लिकन पंथाचे प्रमुख मायकल रॅम्सी. १५३४ साली राजा आठवा हेन्री याच्या काळात इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तुटली. पुढे १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. तो निर्णय आजही मागे घेतलेला नाही. आपल्याकडे बाई मंगळसूत्र सहजासहजी कुणाच्या हाती देत नाही. बिशपची अंगठीही तशीच, आपल्या ख्रिस्तसभेशी बांधले गेल्याची खूण. जिच्या दीक्षेला रोम मान्यता देत नाही, त्या व्यक्तीच्या बोटात पोपने ती घालावी!

रॅम्सी यांचा जन्म १९०४ साली केंब्रिजमध्ये झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, काँग्रिगेशनल पंथाचे. मायकल मात्र तरुणपणी अँग्लिकन उपासनेकडे ओढले गेले. त्यांचा थोरला भाऊ फ्रँक. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना विट्गेनस्टाईनने आमचा घाम काढला होता. त्याच्या पहिल्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराला ज्या कोवळ्या पोराचा हात लागला, तो हा फ्रँक रॅम्सी, हे आम्हाला फार उशिरा कळले. फ्रँक नास्तिक होता. एकाच घरात एक भाऊ वेदीकडे निघालेला, दुसरा देव नाही म्हणणारा. १९२७ मध्ये आई मोटार अपघातात गेली. जानेवारी १९३० मध्ये अवघ्या सव्वीसाव्या वर्षी फ्रँकही गेला. मायकलना दीक्षा मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. पुढे आर्चबिशप झाल्यावर ते म्हणाले होते की, स्वर्गात काही नास्तिकही आपल्याला भेटतील अशी त्यांची अपेक्षा आहे. हे बोलताना फ्रँक त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, असे आम्हाला वाटते.

प्राध्यापक, डरहमचे बिशप, यॉर्कचे आर्चबिशप अशा पायऱ्या चढत ते १९६१ मध्ये कँटरबरीला आले. आधीचे आर्चबिशप फिशर हे शाळेत त्यांचे मुख्याध्यापक होते आणि रॅम्सी या पदाला योग्य नाहीत, असे त्यांनी पंतप्रधान मॅकमिलन यांना बजावले होते. तुम्ही त्यांचे मुख्याध्यापक असाल, माझे नव्हता, असे उत्तर पंतप्रधानांनी दिल्याचे सांगतात. १९६८ मध्ये केनियातून येणाऱ्या, ब्रिटिश पासपोर्ट हाती असलेल्या आशियाई लोकांची वाट अडवणारा कायदा आला, तेव्हा रॅम्सी लॉर्ड्स सभागृहात त्याविरुद्ध बोलले. केनियात गोव्याची कितीतरी कॅथलिक कुटुंबे होती, हे विसरता येत नाही.

पण त्यांचे खरे मन १९३६ साली लिहिलेल्या 'द गॉस्पेल अँड द कॅथलिक चर्च' या ग्रंथात दिसते. आपली अँग्लिकन सभा अपूर्ण आहे, आणि हे अपूर्णपणच तिची ओळख आहे, असे त्यांनी मांडले. स्वतःच्या घराबद्दल असे लिहायला धैर्य लागते. आम्ही आमच्याबद्दल लिहू का?

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या शिष्यांच्या एकीसाठी पित्याकडे विनवणी केली. ती अजून पुरती फळाला आलेली नाही. दोन्ही बाजूंच्या धर्मपंडितांची चर्चा १९७० पासून चालू आहे. काही बाबतींत गाठ सुटली, काही ठिकाणी नव्या गाठी पडल्या.

हे सर्व लिहायला कारण घडले. आपल्या धर्मग्रामात लग्न होऊन आलेली एक सून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही पंथ मिळून ही सभा झाली. दर रविवारी ती नवऱ्यासोबत मिस्साला येते. सगळे ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जातात, ती बाकावर बसून राहते. आजूबाजूचे वळून बघतात. आम्ही रॅम्सींची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "फादर, तुमच्या पोपनी अंगठी दिली, मग कम्युनियन का नाही?"

नियम आम्ही सांगितला, त्यामागचे कारणही सांगितले. दोन्ही बरोबर होते, तरी तिच्या चेहऱ्याकडे पाहून आम्हाला बरे वाटले नाही. मग म्हटले, "रॅम्सीही हाच प्रश्न घेऊन बावीस वर्षे जगले, बाळ." १९८८ मध्ये मरेपर्यंत ती अंगठी त्यांच्या बोटात होती. आता त्यांच्या पदावर येणारे पोपना भेटायला जाताना ती घालतात.

पुढच्या रविवारीही ती आली होती, तिसऱ्या बाकावर.