सोडून दिलेल्या माशाचं पुण्य

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला येणारे बरेचसे हौशी लोक मासा धरतात आणि सोडून देतात. फोटो काढून झाला, मासा पाण्यात परत गेला, की चेहऱ्यावर दान केल्याचं समाधान असतं. मीही दर उन्हाळ्यात तिथे जाणारा, त्यांच्यातलाच. पण हे समाधान मला पटत नाही.

माझं बालपण मालवणचं. काका खाडीवर गरवायला जायचे. जे लागेल ते संध्याकाळी कालवणात पडायचं. श्रावणात गरी पडवीत खुंटीला टांगलेली असायची. मासा का मारायचा, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही, कारण उत्तर ताटात वाढलेलं असे.

फ्लाय फिशिंगमध्ये आमिषच खोटं. बारीक गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून माशी तयार करतात. तिला वजन नसतं. फेकायची ती जाड दोरी, माशी तिच्यामागून जाते. गुशैणी गावाच्या वर नदी मोठाल्या धोंड्यांमधून उतरते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून धोंड्याआडच्या संथ पाण्यात थांबतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारा किडा टिपतो. म्हणून आपण खालच्या अंगाने, वाकून, पाण्यावर सावली पडू न देता जायचं. माशी अशी सोडायची की ती कशाला बांधलेली आहे याचा त्याला पत्ता लागू नये. धारेने दोरी ओढली आणि माशी बोटभर जरी फरफटली, तरी तो फिरकत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत मन जितकं एका जागी येतं, तितकं माझं देवघरात कधी आलेलं नाही. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवरच्या आपल्या पुस्तकात तिला चिंतनशील माणसाचा विरंगुळा ठरवलं, ते मला अगदी खरं वाटतं.

पण या ध्यानाच्या दुसऱ्या टोकाला एक जीव आहे. एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे टाकीच्या तळाशी डुलत राहिले. आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले. पुन्हा खायला लागायला त्यांना बराच वेळ लागला. जेम्स रोझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं: माशाच्या मेंदूला आपल्यासारखं बाह्यपटल नाही, तेव्हा वेदनेची जाणीवही नाही. हा वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा मी माशाला देतो. गळ ओठात शिरतो तो माझ्या हाताने.

मग सोडल्याने काय साधतं? मरण टळतं, हे खरं. पण खाण्यासाठी धरणारा एका माशावर थांबतो. सोडणाऱ्याला थांबायचं कारणच उरत नाही. तो दिवसभर एकामागून एक ओठ टोचत राहतो आणि प्रत्येक वेळी स्वतःला दयाळू समजतो. स्वित्झर्लंडच्या कायद्यात सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला मनाई आहे. मारलं तर चालतं, सोडायचंच ठरवून धरलं तर गुन्हा. हे उफराटं वाटेल, पण मला त्यात नीतीची पक्की समज दिसते.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकायचा. ज्ञानासाठी आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो की नांगरानेही असंख्य जीव मरतात. हिंसेला त्याने चांगलं म्हटलं नाही, आपला धंदाही कठोरच मानला. मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटतं की हिंसा अजिबात टळत नसेल, तर ती कशासाठी घडली याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. ‘मजा आली’ हे उत्तर मला तोकडं वाटतं. आणि सोडून देण्यालाच अहिंसा म्हणायचं, तर महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीच्या लोकांना काय म्हणायचं? तिथल्या डोहातले मासे देवीचे. त्या डोहात गळच पडत नाही.

सोडण्याला सबळ कारणं असतात, हे मान्य. लहान मासा सोडलाच पाहिजे. स्नो ट्राउट हा तीर्थनमधला मूळचा मासा; तो लागला तर परत गेलाच पाहिजे. ब्राउन ट्राउट मात्र इंग्रजांनी आणून सोडलेला, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. तो ताटात आला तर नदीचं फारसं बिघडत नाही.

म्हणून मी बेताच्या आकाराचा एक ब्राउन ट्राउट ठेवतो. डोक्यावर एकच नेमका घाव, लगेच. अंगावरचे फिकट कड्यांतले लाल ठिपके तेव्हाही लखलखत असतात. ते पाहायचं टाळत नाही. रात्री तो खातो, काट्यापर्यंत.

उरलेल्या दिवसासाठी पक्कडीने गळाचा बाक कापलेली माशी बांधतो. ट्राउट वर येतो, ती तोंडात घेतो, फसगत कळताच थुंकतो आणि आपल्या जागी जातो. सोबतचे विचारतात, “अहो, मग हाती काय लागलं?” मला हवं होतं ते, म्हणजे तो वर आला तो क्षण, मिळालेला असतो. रक्त निघत नाही, दम लागत नाही. तरी एका भुकेल्या जीवाला मी अन्न म्हणून पीस दाखवलं, हे राहतंच. अहिंसेचं कसंबसं जमवलं. सत्याचं काय करायचं, ते मला अजून सुटलेलं नाही.