वृक्षलागवड आणि दंभ

गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान व पूजा यांसाठी दंभाने, म्हणजे नसलेला गुण मिरवण्याच्या वृत्तीने, केलेल्या तपाला राजस आणि अस्थिर म्हटले आहे. या कसोटीवर २०१६ मधील २ कोटींपासून २०१९ मधील ३३ कोटींपर्यंत उद्दिष्ट वाढवणारी महाराष्ट्राची वृक्षलागवड मोहीम पाहिली, तर निवाडा सोपा राहत नाही, कारण प्रतिमेसाठी लावलेले झाडही सावली देतेच. मात्र प्रतिमेला छायाचित्राचा क्षण पुरतो आणि रोपाला अनेक उन्हाळ्यांचे पाणी लागते, म्हणून अस्थिरता हा येथे व्यवहाराचाही दोष ठरतो. त्यामुळे दंभ पारखायचा तर अंजूरसारख्या, आज भिवंडीच्या गोदामपट्ट्यात आलेल्या गावी झाडे राखण्यासाठी नेत्याने कोणत्या बांधकामाला नकार दिला, हे तपासणे अधिक उचित, कारण अशा नकाराचा फलक लागत नाही आणि पदरी बहुधा नाराजीच पडते.