तापवल्यावर गढूळ होणारं पाणी

ऊन पाण्यात साखर पटकन विरघळते, म्हणून उष्णता म्हणजे विरघळवणारी, असं आपण धरूनच चालतो. ट्रायटन एक्स-१०० या सर्फॅक्टंटचं, म्हणजे साबणासारख्या पदार्थाचं, एक टक्का द्रावण परीक्षानळीत तापवून पाहिलं की हा समज टिकत नाही. थंड असताना ते नितळ असतं. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास मात्र बघता बघता दुधाळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं दिसेनाशी होतात. निवलं की पुन्हा नितळ. तसंच तापत ठेवलं तर हळूहळू दोन थर पडतात: एकात सर्फॅक्टंट दाटलेला, दुसऱ्यात तो अगदी थोडा.

या रेणूंचे पाण्यात पुंजके होतात, त्यांना मिसेल म्हणतात. मिसेलच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या पाण्याला धरून असतात. तापमान वाढलं की ती पकड ढिली पडते, मिसेल एकमेकांकडे ओढले जातात आणि पाण्यापासून वेगळे होतात.

आता त्याच द्रावणात किंचित सोडियम डोडेसिल सल्फेट घाला. शाम्पूत वापरतात ते. मघाशी दुधाळ झालेल्या तापमानालाही द्रावण नितळच राहतं. सल्फेटचे ऋणभारित रेणू मिसेलांत शिरून बसतात, आणि सारख्या भाराचे मिसेल एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. दोन पदार्थांची सरासरी काढून त्यांच्या मिश्रणाचा स्वभाव सांगता येत नाही. थोडासा दुसरा पदार्थ सगळं वागणं फिरवतो. वर साधं मीठ टाकलं तर भार झाकला जातो आणि गढूळपणा पुन्हा कमी तापमानाला येतो.

याच कुळातला ट्रायटन एक्स-११४ तर २२-२३ अंशांनाच गढुळतो. पेशीपटलातली प्रथिनं वेगळी काढायला त्याचा उपयोग १९८१ पासून होतो आहे: बर्फात सगळं एकजीव, ३० अंशांना दोन थर, आणि पटलात रुतून बसणारी प्रथिनं सर्फॅक्टंटच्या थरात. उकळावं लागत नाही, म्हणून प्रथिनं शाबूत राहतात.

साबणाच्या द्रावणात असे पुंजके असतात हे मांडणारे जेम्स मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. एक परीक्षानळी, गरम पाण्याचं भांडं आणि थर्मामीटर एवढ्यावर तो होतो.